पावसाळ्यातली रोझमेरी: फोंडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. पुढे पश्चिमेला तोंड केलेली ओसरी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे उतारावर कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. घरची कर्ती बाई माझ्या मित्राची आई. गाव आणि नावं इथे देत नाही, त्यांना नुसतं काकी म्हणतो. मी स्वतः डिचोलीत छोटी रोपवाटिका चालवतो. या प्रकरणात सल्ला माझा होता, त्यामुळे चुकांमधला वाटाही माझा आहे.

काकींचा मुलगा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. बटाट्याला, कोंबडीला, पावाला त्याला रोझमेरी (सुगंधी पानांचं एक झुडूप) लागते. त्याने एका नोव्हेंबरात नर्सरीतून कुंडी आणून आईला दिली. ही दुसरी कुंडी. पहिली आदल्या वर्षीच्या जुलैत गेली होती आणि "कुंडीच वाईट होती" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजारच्या ख्रिस्ती आजींना झाड लगेच ओळखू आलं. त्या त्याला पोर्तुगीज नावाने 'आलेक्रिं' म्हणतात. त्यांनाही एक रोप हवं होतं. सुनेला केसांसाठी रोझमेरीचं पाणी करायचं होतं. (केसांचं पुढे काय झालं, हा या लेखाचा विषय नाही.) थोडक्यात, एका कुंडीवर तिघांचा डोळा होता. म्हणून काकींनी ठरवलं, फांद्या लावून दहा रोपं करायची.

डिसेंबर ते एप्रिल झाड झकास वाढलं, दीड फुटांवर गेलं. या काळात गोव्यात रोझमेरी कुणाचीही वाढते, आणि फसगत होते ती याच काळात. मुलाने कुठेतरी वाचलं होतं की 'रोझमॅरिनस' या जुन्या लॅटिन नावाचा अर्थ समुद्राचं दव. म्हणजे किनाऱ्यावरचं झाड, मग गोव्यात का नाही जगणार? (२०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ तिला साल्व्हिया वंशात धरतात. नर्सरीच्या चिठ्ठ्यांवर अजून जुनंच नाव असतं.) समुद्र दोन्हीकडे आहे हे खरं, पण पाऊस उलटा आहे. भूमध्य समुद्राकाठी तो थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे वर्षाचा जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तोही उबदार हवेत. ओली माती, ऊब आणि हवेत कोंडलेला दमटपणा हे तिन्ही एकत्र आले की मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. थंडीतल्या ओलीत हेच झाड तग धरतं.

अडचण

मे महिन्यात सुनेने झाडाची बरीच छाटणी केली, अंदाजे तिसरा हिस्सा. पावसाच्या तोंडावर एवढं पान काढलं की झाड पाणी कमी ओढतं आणि कुंडी जास्त वेळ ओली राहते. त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस झाल्यावर, काकींनी बारा फांद्या लावल्या. हा मुहूर्त त्यांनी विचार करून निवडला होता. आपल्याकडे जास्वंद, मोगरा, अनंत यांच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीलाच लावतात आणि त्या फुटतातही. काकींनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लाल माती आणि शेणखत भरलं, फांद्या खोचल्या, ओसरीच्या सावलीत ठेवल्या आणि रोज पाणी घातलं. जून संपायच्या आत बाराही फांद्या बुडापासून काळ्या पडल्या. उपटल्यावर साल बोटाला लागून निघून आली.

मग त्यांनी आठ फांद्या पाण्याच्या बाटल्यांत ठेवल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत. पुदिना असा फुटतो, तुळसही फुटते, मग ही का नाही फुटणार? हा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. ही सगळी एकाच कुळातली झाडं, सब्जा आणि पानओवासुद्धा त्यातलेच. चार आठवड्यांत तीन फांद्यांना पांढरी मुळं दिसली, बाकी पाच सडल्या.

खरी अडचण मात्र ओसरीवर चालली होती. मूळ झाडाचे शेंडे जुलैच्या मध्यात वाकले. काकींनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, तहान लागली. त्यांनी पाणी वाढवलं. शेंडे आणखी वाकले, आणखी पाणी. एका बाजूची पानं तपकिरी होऊन गळायला लागली तेव्हा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मला फोन आला. "अरे, दोन वेळा पाणी घालते, तरी मान टाकूनच आहे. ये बघू एकदा."

मी गेलो. बोट मातीत खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत चिखल. कुंडीखाली बशी, बशीत पाणी. हे पाणी कुठून येतं, ते मला त्या दिवशी कळलंच नाही. ओसरीवर पावसाची झड येत होती, मी दोष तिलाच दिला. कारण समजलं दुसऱ्या खेपेला, सकाळी लवकर गेलो तेव्हा. काकी आंघोळ करून तुळशीला पाणी घालत, प्रदक्षिणा घालत आणि तांब्यात उरलेलं पाणी परतताना ओसरीवरच्या रोझमेरीला ओतत. दररोज, पाऊस असो नसो. ते 'पाणी घालणं' या हिशेबात धरलंच जात नव्हतं, कारण ते पूजेचं उरलेलं होतं. पाणी किती घालता असं विचारलं तर त्या मनापासून फक्त दोन वेळा सांगायच्या. तिसरी वेळ त्यांच्या लेखी पाणी नव्हतीच.

समोरचे पर्याय

ओसरीवर बसून चहा पिताना आम्ही पाच वाटा बोललो.

पहिली वाट मुलाची होती: हे टाकून द्या, नोव्हेंबरात नवीन आणतो. पैशांच्या दृष्टीने हे सगळ्यात शहाणपणाचं होतं, पण त्यातून शिकण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या जुलैत हीच वेळ आली असती.

दुसरी, बी पेरणं. मी लगेच नको म्हटलं. रोझमेरीचं बी कमी उगवतं, सावकाश उगवतं आणि रोप कापण्याजोगं व्हायला वर्षाहून जास्त लागतं. शिवाय बियांच्या रोपाला आईचेच गुण येतील याची हमी नाही.

तिसरी, जिवंत बाजूच्या फांद्या लगेच तोडून लावणं. चौथी, दाब कलम: फांदी झाडाला ठेवूनच शेजारच्या कुंडीत वाकवून पुरायची, मुळं फुटली की तोडायची. पाचवी, झाड कुंडीतून काढून कुळागराच्या बांधावर लावणं. बांधावरून पाणी निचरतं हे खरं, पण कुळागर म्हणजे माड-पोफळींची सावली आणि बारमाही ओल. रोझमेरीला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. पाचवी वाट तिथेच संपली.

तिसरी की चौथी, यावर मी अडलो. फांद्या तोडल्या तर आजारी झाडाचं उरलंसुरलं पानही जाणार. दाब कलमाला निदान सहा ते दहा आठवडे लागणार, तेवढं आई तगली पाहिजे. मी दोन्ही थोडं थोडं करायचं ठरवलं. आज विचार केला तर वाटतं, ती सावधगिरी नव्हती, निर्णय टाळणं होतं. मूळ झाड वाचणार नाही हे मला मुळं बघूनच कळायला हवं होतं.

काय केलं

आधी झाड कुंडीतून काढलं. निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं. इथे निम्म्याहून जास्त मुळं काळपट, लिबलिबीत, कुबट वासाची होती. ती कापून टाकली, ब्लेड दर वेळी स्पिरिटने पुसलं.

मिश्रणासाठी बाहेरून फार काही आणलं नाही. नदीची जाडी वाळू दोन भाग, चिऱ्याची बारीक खडी एक भाग, चाळलेली लाल माती एक भाग आणि मूठभर भाताचं तूस. समुद्राची वाळू मिठामुळे नको. कोकोपीटही नको म्हटलं, ते पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात तो त्याचा गुण, पावसाळ्यात तोच दोष. काकींनी कुंडीच्या तळाला फुटक्या कौलांचा चार बोटं थर दिला होता. निचऱ्यासाठी आपल्याकडे सगळेच असं करतात, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी भरड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो.

लाल माती आम्लधर्मी असते आणि रोझमेरीला चुनखडीची जमीन मानवते, असं मी बोलता बोलता म्हणालो. काकी आत जाऊन पानाच्या डब्यातला चुना घेऊन आल्या. तो नुकत्या कापलेल्या मुळांना भाजून काढतो, म्हणून थांबवलं. चुना द्यायचाच तर चिमूटभर, आणि मिश्रणात काही आठवडे आधी मुरवून.

फांद्या पाच घेतल्या, बोटभरापेक्षा थोड्या लांब, १० ते १२ सेंटिमीटर. निवडताना खूण अशी: फांदी वाकवली की लवचीकपणे वाकावी, पण शेंड्यासारखी लुळी नसावी. बुडाशी नुकती तपकिरी छटा, वर हिरवी. फूल आलेली नको. पेराच्या खाली काप घेतला, खालच्या अर्ध्या भागातली पानं ओरबाडून काढली, बुडाला मुळं फुटण्याची पावडर लावली आणि जादा झटकली. माडाच्या हिराने आधी भोक पाडून मगच फांदी खोचली, म्हणजे पावडर पुसली जात नाही. बाटलीतल्या तिन्ही फांद्याही याच मिश्रणात हलवल्या. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, त्यातली काही हलवतानाच तुटली.

वरून प्लास्टिकची पिशवी घालायची का? परदेशी माहितीत सर्रास घाला असं असतं. तिथली कोरडी हवा फांदीतलं पाणी खेचते, म्हणून. ऑगस्टात फोंड्याच्या हवेत आधीच एवढी ओल असते की पिशवी घातली तर बुरशीची पेटी तयार होते. रोझमेरीचं पान सुईसारखं, कडा आत वळलेलं, खालून लव असलेलं. ते पाणी सहजासहजी सोडत नाही. पिशवी घातली नाही. हा निर्णय बरोबर ठरला.

दोन खालच्या फांद्या शेजारच्या दोन छोट्या कुंड्यांत दाबल्या. जमिनीला टेकणाऱ्या भागाची साल खालून हलकी खरवडली, तारेच्या आकड्याने फांदी अडकवली आणि शेंडा वर मोकळा ठेवला.

मग जागा. नैर्ऋत्येचा पाऊस थेट ओसरीवर यायचा. तो अडवायला घरच्यांनी ताडपत्री लावली होती, त्यामुळे ओसरी कोरडी राहायची नाही आणि काळोखी मात्र व्हायची. घराच्या पूर्वेला स्वयंपाकघराबाहेर कट्टा आहे. तिथे झड कमी आणि पाऊस थांबला की सकाळचं ऊन. सगळ्या कुंड्या तिकडे नेल्या. बश्या काढल्या. तांब्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीला घालायचं ठरलं. काकी हसल्या, "तुळशीचं उरलेलं तिला वर्ज्य काय रे?" मी म्हटलं, पावसाळ्यापुरतं.

निष्पत्ती

चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) झाड टिकलं, अर्ध्या अंगाने हिरवं. मग चवथ आली. पाहुणे, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचं) सामान, नेवऱ्यांची गडबड, पूर्वेच्या कट्ट्यावर केळीची पानं आणि भाजीचे ढीग. कुणीतरी सगळ्या कुंड्या उचलून अंगणात ठेवल्या. कुणी, ते कधी कळलं नाही आणि विचारण्यातही अर्थ नव्हता. दोन दिवस पाऊस पडला, कुंड्या तिथेच. तिसऱ्या दिवशी काकींना आठवण झाली.

मुळं आधीच अर्धी गेलेल्या झाडाला तेवढं पुरलं. पुढच्या दोन आठवड्यांत ते पूर्ण वाळलं. सप्टेंबर संपताना दाबलेल्या फांद्या तोडून पाहिल्या. एकीला मुळांचा छोटा गुच्छ होता, दुसरीला काहीच नाही. पाच फांद्यांतली एक जगली, बाटलीतल्या तिघींपैकी एक. म्हणजे जूनपासून लावलेल्या पंचवीस आणि दाबलेल्या दोन अशा सत्तावीस फांद्यांतून तीन रोपं.

काकींना हा आकडा ऐकून वाईट वाटलं. मला बरं वाटलं, कारण तीन रोपं घेऊन आम्ही ऑक्टोबरात पोहोचत होतो, आणि फांद्या लावायला गोव्यातला योग्य काळ तिथून सुरू होतो.

दिवाळीनंतर दुसरी खेप लावली. दाब कलमाच्या रोपाने तोवर लांब फूट काढली होती, तिचे चार शेंडे घेतले. दहा फांद्या मुलाने हॉटेलात भाजीबरोबर आलेल्या ताज्या जुडीतून आणल्या. जुडीतली फांदी फुटते, पण ती शीतपेटीत किती दिवस होती यावर सगळं अवलंबून असतं. पानं काळवंडलेली असतील तर घेऊच नये. मिश्रण तेच, फक्त तूस थोडं वाढवलं. हवा आता कोरडी होती, म्हणून वरून पिशवी सैल घातली आणि रोज सकाळी थोडा वेळ उघडली.

या वेळी काकींना एकच सक्त ताकीद होती: फांदी ओढून बघायची नाही. नवी पानं दिसली म्हणजे मुळं आली असं होत नाही, फांदी आपल्या साठ्यावरही आठवडे काढते. सहा आठवड्यांनी हलकेच वर उचलल्यासारखं करायचं. माती धरून ठेवते असं जाणवलं तर मुळं आहेत. डिसेंबरच्या मध्यात मोजलं तेव्हा घरच्या चारांतल्या तीन आणि जुडीच्या दहांतल्या चार लागल्या होत्या. जुनी तीन धरून दहा रोपं. काकींनी ठरवलेला आकडा, सहा महिने उशिरा.

दोन रोपं शेजारच्या आजींकडे गेली. मार्चमध्ये घरची मंडळी आठवडाभर बाहेर होती, तेव्हा एक वाळलं. पावसाळ्याच्या धास्तीने पाणी इतकं आखडलं होतं की उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी लागतं तेवढंही कुणाला सांगितलं नव्हतं. उरलेली सात पुढच्या पावसाळ्याला सामोरी गेली, बहुतेक मातीच्या छोट्या कुंड्यांत, पूर्वेच्या कट्ट्यावर. पाणी वारावर नाही, कुंडी उचलून तिच्या वजनावर. ते आठ-दहा दिवसांनी एकदा लागायचं. ऑक्टोबरात पाच हिरवी होती. एक कुंडी सरकून कौलाच्या पागोळ्यांखाली आली होती, ती गेली. दुसरं रोप "मोठं होऊ दे" म्हणून प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत हलवलं होतं. लहान मुळांना एवढी माती सुकवता येत नाही, ती ओलीच राहिली आणि रोप गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल तारखेचा. मूळ झाड निरोगी होतं तेव्हा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्याच्या सहा फांद्या लावल्या असत्या तर जूनचा सगळा खटाटोप टळला असता. काकींनी जास्वंदीचं पंचांग रोझमेरीला लावला, आणि मला कुणी जूनच्या आधी विचारलं असतं तर मीही कदाचित ठामपणे अडवलं नसतं. माझ्याच रोपवाटिकेत पावसाच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असतं.

मे महिन्यात सुनेने जे कापलं त्यातल्या काही फांद्या तरी लावायला हव्या होत्या. एरवी मे हा काही आदर्श महिना नाही, ऊन कडक असतं. पण सावलीत ठेवल्या असत्या तर पाऊस येईपर्यंत काही आठवडे मिळाले असते. त्या सगळ्या उकळल्या.

माझ्याकडून राहिलं ते असं. पाणी किती घालता, हा प्रश्न मी चुकीचा विचारला. 'सकाळी उठल्यापासून या ओसरीवर काय काय होतं ते सांगा' असं विचारलं असतं तर तांब्या पहिल्याच दिवशी सापडला असता. दुसरं, महिन्याभरावर चवथ आहे हे ठाऊक असून कुंड्या कुठे राहतील ते मी बोललो नाही. गोव्यातल्या घरात त्या आठवड्यात एकही मोकळा कोपरा उरत नाही. मूळ झाड तेवढ्या दिवसांसाठी मी डिचोलीला नेऊ शकलो असतो.

आणि ऑगस्टात पाच फांद्या तोडण्याऐवजी आणखी दोन दाबायला हव्या होत्या का? मला वाटतं, नाही. मुळं एवढी गेल्यावर आईच्या भरवशावर सगळं सोडणं धोक्याचं होतं. उलट दाब कलम सोडून हिरव्या बाजूच्या सगळ्या फांद्या एकदम तोडल्या असत्या तर तीनऐवजी चार-पाच हाती लागल्या असत्या. काकींना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, जगलेल्या तिघींत तरारलेली एकच, दाबलेली, आणि पुढची खेप तिच्यावरच निघाली. या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

आजींची दोन्ही रोपं मात्र पहिल्याच पावसाळ्यात गेली. त्यांनी ती आपल्या बाल्कावात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) ठेवली होती, पश्चिमेला. येत्या दिवाळीनंतर त्यांच्यासाठी चार फांद्या बाजूला ठेवल्या आहेत, आणि कुंडी कुठे ठेवायची ते काकी आधी जाऊन बघून आल्या आहेत.